शीतजल आणि चिनी वैद्यक

सांप्रत जिकडेतिकडे थंड पाण्याचा महिमा वाढला आहे. व्यायामशाळांतून बर्फ घातलेल्या टाक्या दिसूं लागल्या आहेत, आणि त्यांत गळ्यापर्यंत बुडून कांहीं मिनिटें स्वस्थ बसणें हें आरोग्याचें व धैर्याचें लक्षण समजलें जात आहे. गेल्या हिवाळ्यांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न केला कीं, "सर, चिनी वैद्यक थंडीला शत्रु मानतें, तेव्हां अशा स्नानाला तें निषिद्धच म्हणत असलें पाहिजे, नाहीं का?" त्याच्या शेजारीं बसलेल्या दुसऱ्यानें लगेच सांगितलें कीं, उलट हा उपाय चिनी वैद्यांना दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. दोघांनींही कोठेंतरी कांहीतरी वाचलें होतें, आणि दोघांचाही आपापल्या वाचनावर पूर्ण विश्वास होता. तास संपल्यामुळें त्या वेळीं आमची सुटका झाली. परंतु प्रश्न मनांत राहिला. त्याचा शोध करितां करितां जें आमच्या हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. दोन्ही विद्यार्थ्यांचें म्हणणें खरें होतें, आणि दोघांचेंही अपुरें होतें, असें आमच्या दृष्टोत्पत्तीस आलें.

प्रथम सिद्धान्त पाहूं. चिनी वैद्यकाचा आद्यग्रंथ म्हणून मानला गेलेला 'ह्वांग ती नेइ चिंग' हा हान घराण्याच्या काळांत, म्हणजे ख्रिस्तपूर्व २०६ ते इ. स. २२० या अवधींत, आजच्या स्वरूपास येत गेला असावा असें सामान्यतः मानतात. त्याच्या 'सु वन' नामक भागाच्या दुसऱ्या अध्यायांत ऋतुचर्या सांगितली आहे. हिवाळ्याचे तीन महिने लौकर निजावें, सूर्य वर येईपर्यंत उठूं नये, थंडी टाळून ऊब धरावी आणि त्वचेवाटे घाम वाहूं देऊं नये, असा तेथील उपदेश आहे. हिवाळ्यांत शरीरांतील यांग, म्हणजे उष्ण व चालक शक्ति, आंत सांठविलेली असते. ती उधळली तर वसंतांत मनुष्य रोगी होतो, हें त्याचें कारण. कार्तिकांत व माघांत सूर्योदयापूर्वीं नदींत बुडी मारण्यांत पुण्य मानणारे आमचे पूर्वज त्या ग्रंथकाराच्या दृष्टीस पडले असते, तर त्याला भर थंडींत घाम फुटला असता!

परंतु त्याच ग्रंथांत दुसरींही वचनें आहेत. थंडीच्या विकारावर उष्ण उपचार करावा आणि उष्णतेच्या विकारावर थंड, असा सरळ नियम एके ठिकाणीं आहे. दुसऱ्या एका ठिकाणीं सर्व ज्वर हे थंडीनें झालेल्या आघाताच्याच वर्गांतले आहेत, असें सांगितलें आहे. हीं दोन वचनें जवळजवळ ठेवलीं कीं पेंच उत्पन्न होतो. ज्वरांत अंग तापलेलें असतें, म्हणून थंड पाणी ओतावें काय? कीं ज्वराचें मूळच थंडी, म्हणून थंड पाणी ओतणें म्हणजे शत्रूला कुमक पाठविणें होय? पुढील दीड हजार वर्षें चिनी वैद्य या पेंचाशीं झगडत राहिले, आणि शीतजलाचा सारा इतिहास या झगड्यांत गुंतलेला आहे.

या प्रश्नाला पहिलें स्पष्ट उत्तर चांग चुंगचिंग यानें दिलें. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हा वैद्य होऊन गेला. आपल्या कुळांत पूर्वीं दोनशेंहून अधिक माणसें होतीं. च्येनआन शकाच्या आरंभापासून, म्हणजे इ. स. १९६ पासून, दहा वर्षें पुरीं झालीं नाहींत तोंच त्यांपैकीं दोनतृतीयांश मेलीं, आणि मेलेल्यांपैकीं दहांत सात शीताघाताच्या ज्वरानें गेलीं, असें त्यानें आपल्या प्रस्तावनेंत नमूद केलें आहे. या दुःखांतून त्याचा 'शांग हान लुन' हा ग्रंथ जन्मला. त्यांत तो म्हणतो कीं, रोग बाह्य भागांत असतां तो घामावाटे काढावयास हवा. तसें न करितां रोग्यावर थंड पाणी शिंपडलें किंवा ओतलें, तर उष्णता कोंडली जाऊन बाहेर पडूं शकत नाहीं, तगमग अधिकच वाढते आणि अंगावर कांटा उभा राहतो. त्यानें हा नियम केवळ तर्कानें बांधलेला दिसत नाहीं. अंगावरील कांट्याचें वर्णन ज्यानें तो प्रत्यक्ष पाहिला त्याचें आहे. आणि ज्याअर्थीं त्यानें या चुकीवर औषधही सांगितलें आहे, त्याअर्थीं ही चूक करणारे त्याच्या आसपास पुष्कळ असले पाहिजेत. आजचा डॉक्टरही तापलेल्या रोग्यास एकदम गार पाण्यानें पुसूं नका म्हणतो, तें याच अनुभवावरून: त्वचेंतील रक्तवाहिन्या आंकुंचित होतात, हुडहुडी भरते आणि आंतील उष्णता उलट वाढते. आमच्या चरकसंहितेंतही नवज्वरांत स्नान वर्ज्य सांगितलें आहे. दोन दूरच्या देशांतील वैद्यांनीं रोग्याच्या उशाशीं बसून एकच गोष्ट पाहिली, यांत नवल कांहीं नाहीं.

येथवर पहिला विद्यार्थी जिंकला असें वाटेल. पण आतां दुसरी बाजू.

चांग चुंगचिंगच्या पूर्वीं सुमारें साडेतीनशें वर्षें छुन्यू ई नांवाचा एक वैद्य होऊन गेला. त्यानें आपल्या रोग्यांचीं टिपणें ठेविलीं होतीं, व इतिहासकार सुमा च्यान यानें तीं आपल्या 'शी ची' ग्रंथांत दिलीं, म्हणून तीं वांचलीं. त्यांत एका मांडलिक राजाची हकीकत आहे. त्याचें डोकें दुखत होतें, अंग तापलें होतें, जीव घाबरा झाला होता. वैद्यानें त्याच्या डोक्यावर थंड पाणी थापटलें, पायांवरील एका नाडीवर दोन्हीं बाजूंस तीन तीन ठिकाणीं सुया टोंचल्या, आणि रोग तत्काळ गेला. रोगाचें कारण काय, तर डोक्यावरून न्हाऊन केंस ओले असतांच निजणें! हें कारण ऐकून आमच्या वाचकांस आपल्या आजीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. ओल्या केंसांनीं आलेलें दुखणें गार पाण्यानेंच गेलें, ही त्यांतील मौज. वैद्याच्या मतें बिघाड होता तो उलट्या दिशेनें डोक्याकडे चढलेल्या प्रवाहांत. गार पाण्यानें व सुयांनीं त्यानें तो खालीं उतरविला. थंडीची जात नव्हे, तर तापाची दिशा त्यानें पाहिली.

यापुढील हकीकत सर्वांत प्रसिद्ध आहे. ह्वा थ्वो हा चीनचा धन्वंतरी. सेनापति छाओ छाओ याच्या आज्ञेनें त्याचा इ. स. २०८ च्या सुमारास वध झाला. त्याच्या चरित्रावर फेइ सुंगची यानें इ. स. ४२९ मध्यें जी टीका पुरी केली, तींत एका जुन्या स्वतंत्र चरित्रांतून ही गोष्ट उतरली आहे. एक स्त्री कित्येक वर्षें थंडीतापाच्या जुनाट रोगानें पीडित होती. वर्षाच्या अकराव्या महिन्यांत, ऐन हिवाळ्यांत, ह्वा थ्वोनें तिला दगडी डोणींत बसविलें आणि पहांटे तिच्यावर थंड पाण्याच्या शंभर ओतण्या घालावयास सांगितलें. सातआठ ओतण्यांतच ती थरथर कांपत मरणोन्मुख झाली; ओतणारे भ्याले व थांबूं लागले. वैद्यानें संख्या पुरी करण्याचा हुकूम केला. ऐंशीच्या सुमारास तिच्या अंगांतून वाफ निघूं लागली, ती दोनतीन फूट उंच चढली. शंभर भरल्यावर वैद्यानें विस्तव पेटवून बिछाना ऊन केला, तिला जाड पांघरुणांत गुंडाळलें. बऱ्याच वेळानें घाम सुटला, अंगाला पूड लावली, घाम सुकला आणि ती बरी झाली.

ही गोष्ट सांगणारे बहुधा पाण्यापाशींच थांबतात. आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो तिचा शेवट. वैद्याला हवा होता तो घाम. चांग चुंगचिंगलाही घामच हवा होता. दोघांचें साध्य एक, वाट मात्र उलट. एकानें थंड पाण्याला घामाचा अडथळा मानलें, दुसऱ्यानें त्याच अडथळ्याचा बांध घालून पाण्याची फूग वाढविली आणि मग बांध फोडला. तापलेला बिछाना, जाड पांघरूण व पूड हा उपचाराचा अर्धा भाग होता. जो केवळ डोण घेतो आणि बिछाना विसरतो, त्यानें ह्वा थ्वोचें नांव घेऊं नये.

या दोन टोंकांच्या मध्यें एक विलक्षण काळ येतो. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांत हो यान (मृत्यु इ. स. २४९) नामक एका विद्वान मंत्र्यानें 'शीतान्नचूर्ण' म्हणून प्रसिद्ध असलेल्या खनिज औषधाची टूम काढली. त्याला 'पंचपाषाणचूर्ण' असेंही म्हणत. त्यांतील द्रव्यांच्या याद्या एकसारख्या नाहींत. परंतु गुहांतील लोंबते चुनखडे, गंधक, पांढरी व जांभळी गारगोटी आणि तांबडी माती हीं नेहमींचीं. तें घेतलें कीं अंगांत आग उठे; ती बाहेर काढण्यासाठीं थंड अन्न खावें, झिरझिरीत कपडे घालावे, चालत राहावें आणि थंड पाण्यानें न्हावें लागे. मद्य मात्र ऊन प्यावयाचें! सरदार व कवि या चूर्णाच्या नादीं लागले. लू शुन या विख्यात लेखकानें १९२७ मध्यें क्वांगचौ येथें दिलेल्या एका व्याख्यानांत, त्या काळच्या पुरुषांचे सैल झगे व बेफिकीर वागणें हें तत्त्वज्ञानापेक्षां या चूर्णाच्या दाहामुळें होतें, असें मार्मिकपणें दाखविलें आहे.

या टूमेची किंमत कोणीं दिली? चीनमध्यें नकाशाशास्त्राचे सहा नियम घालून देणारा फेइ श्यू हा इ. स. २७१ मध्यें, तिकडील गणनेनें अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, वारला. चूर्ण घेतल्यावर ऊन मद्य प्यावयाचें तें तो गार प्याला, असें चिन घराण्याच्या इतिहासांत नोंदलें आहे. आणि ह्वांगफू मी (इ. स. २१५ ते २८२), ज्याच्या सूचिचिकित्सेवरील ग्रंथावर पुढील सर्व पिढ्या वाढल्या, तो तर स्वतःच या चूर्णाचा बळी. बादशहानें चाकरीस बोलाविलें असतां त्यानें जो नकाराचा अर्ज लिहिला, त्यांत तो म्हणतो कीं, या औषधाचा नियम चुकल्यामुळें आपण सात वर्षें यातना भोगीत आहों. ऐन थंडींत अंग उघडें टाकून बर्फ खावें लागतें. बर्फाची ही पहिली फॅशन हौसेची नव्हती. ती विषाची भरपाई होती. पुढें सातव्या शतकांतील थोर वैद्य सुन सिम्याव यानें हा योग जेथें दृष्टीस पडेल तेथें जाळून टाकावा असें लिहून ठेविलें.

याच चूर्णाशीं शेवटची मोठी हकीकत निगडित आहे. दक्षिण छी घराण्याच्या काळांत (इ. स. ४७९ ते ५०२) फांग पोयू नांवाच्या सेनाधिकाऱ्यानें पंचपाषाणचूर्णाचे दहाएक डोस घेतले, परिणाम उलटा होऊन त्याला भर उन्हाळ्यांतही थंडी वाजूं लागली. शू सिपो या वैद्यानें परीक्षा करून सांगितलें कीं, ही दडलेली उष्णता आहे, ती पाण्यानें उठवावी लागेल, आणि तेंही हिवाळ्यांतच. अकराव्या महिन्यांत, बर्फ पडलेलें असतां, दोघांनीं रोग्यास धरून उघड्या अंगानें दगडावर बसविलें व डोक्यावरून पाणी ओतलें. वीस हू पाणी संपतां त्याची दांतखिळी बसली, श्वास बंद पडला. घरचीं माणसें रडून थांबा म्हणूं लागलीं. तेव्हां वैद्यानें हातांत काठ्या घेतलेले लोक दाराशीं उभे केले, व जो आड येईल त्यास मारण्याची आज्ञा दिली. आणखी शंभर हू पाणी ओतल्यावर रोगी हलला, पाठींतून वाफ निघाली, तो उठून बसला व 'उष्णता सोसवत नाहीं, गार पाणी द्या' म्हणाला. पुढें तो हिवाळ्यांतही एकाच वस्त्रानें वावरे, व अंगानें भरला. ही गोष्ट 'नान श' या, इ. स. ६५९ मध्यें पुऱ्या झालेल्या इतिहासांत आहे.

इतिहासाचा अभ्यासक येथें थोडा थबकतो. अकरावा महिना, दगडाची बैठक, भ्यालेली माणसें, अढळ वैद्य, अंगांतून निघणारी वाफ: ह्वा थ्वोच्या कथेंतील एकूणएक अवयव येथें पुन्हां आले आहेत. एक हू वीसच लिटरांचा धरला, तरी एकशें वीस हू म्हणजे चोवीसशें लिटर पाणी होतें! पहिल्या कथेच्या सांच्यांत दुसरी ओतली गेली असावी, असा संशय आम्हांस येतो. शिवाय अशा कथा जे बरे झाले त्यांच्याच राहतात. ऐंशीव्या ओतणीस जी मेली, तिच्यासाठीं कोणीं चरित्र लिहिलें नाहीं. तथापि कथा म्हणून टाकून दिल्या तरी त्यांतील विचार टाकतां येत नाहीं, कारण पुढील वैद्यांनीं तो गंभीरपणें घेतला.

तो विचार सर्वांत स्पष्ट मांडला ली शिचन यानें. त्याचा 'पन त्साव कांग मू' हा महाकोश १५७८ मध्यें पुरा झाला व १५९६ च्या सुमारास छापून निघाला. त्यांत पाण्याचेच त्रेचाळीस प्रकार वर्णिले आहेत. ताज्या विहिरीच्या पाण्याचा विचार करितांना तो चांग चुंगचिंगचा निषेध आणि या दोन्ही हकीकती समोरासमोर ठेवतो, आणि विरोध सोडवितो. त्याच्या मतें दोन्ही रोग्यांच्या अंगांत दडलेला अग्नि होता. त्यांचें कांपणें थंडीचें नसून अग्नीचेंच होतें, कारण 'सु वन' मध्यें दांतखिळी व हुडहुडी हीं अग्नीचीं लक्षणें सांगितलीं आहेत. कोंडलेला अग्नि मोकळा करावयाचा. म्हणून त्याला थंडीनें आणखी कोंडून पराकोटीस न्यावयाचें, म्हणजे तो उसळून घामावाटे बाहेर पडतो. हें उत्तरायणानंतर व पहांटेच का? तर तेव्हां यांग आंत असतें आणि वर येऊं लागलेलें असतें. वसंतांत तें बाहेर उधळलेलें असतें, उन्हाळ्यांत व शरदांत आंत यिन, म्हणजे थंडी, असते. त्या वेळीं बाहेरून थंडी घालणें म्हणजे थंडीवर थंडी.

आमच्या खेड्यांतील कोणासही ही कल्पना परकी वाटणार नाहीं. हिवाळ्यांत पहांटे आडाचें पाणी कोंबट लागतें व वर वाफ दिसते. वैशाखांत तेंच गारेगार लागतें. बाहेर थंडी पडली कीं ऊब आंत जाते, हा त्यावरून निघणारा सहज तर्क. चरकानेंही हेमंतांत थंड वाऱ्यानें कोंडलेला जठराग्नि प्रबळ होतो असें म्हटलें आहे. वस्तुतः खोल पाण्याचें तपमान वर्षभर फारसें बदलत नाहीं, बदलते ती आमच्या हाताची जाणीव. परंतु तर्काचा पाया चुकला तरी त्यावर उभारलेली सावधगिरी सर्वस्वीं व्यर्थ ठरत नाहीं. एकच पाणी एकास तारतें व दुसऱ्यास मारतें, म्हणून रोगी, ऋतु व वेळ पाहावी, एवढें सार तींतून उरतेंच.

आतां परंपरेची दुसरी बाजू लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. चांग चुंगचिंगच्याच नांवावर चालत आलेल्या 'चिन क्वेइ याव ल्यो' या ग्रंथांत, उन्हानें बेशुद्ध होऊन पडलेल्यास थंडी लागूं देऊं नये, थंडी लागली कीं तो मरतो, असें सांगून बेंबीवर ऊब देण्याचा उपाय दिला आहे. आज नेमकें याच्या उलट सिद्ध झालें आहे. कष्ट करितांना उष्माघातानें कोसळलेल्या मनुष्यास शक्य तितक्या लौकर थंड पाण्यांत बुडविणें हाच त्याचा प्राण वांचविण्याचा खात्रीचा मार्ग होय. म्हणजे जेथें थंड पाणी खरोखर अमृत आहे, तेथेंच परंपरेनें तें विष ठरविलें. प्राचीन ग्रंथ आरोग्याचे आदेश म्हणून वाचणाऱ्यानें हें उदाहरण नित्य डोळ्यांपुढें ठेवावें.

आधुनिक चीनमध्यें थंड स्नानाचा जो पुरस्कार झाला, त्याचा या वैद्यकाशीं फारसा संबंध नाहीं. जपान व स्कॉटलंड येथें शिकून आलेले छांगशा येथील अध्यापक यांग छांगची हे थंड स्नानाचे भोक्ते. त्यांचा शिष्य माओ त्से तुंग यानें १९१७ मध्यें 'नवयुवक' मासिकांत व्यायामावर जो निबंध लिहिला, त्यांत थंड स्नानानें उग्रता, निर्भयता व धाडस यांचा अभ्यास होतो असें प्रतिपादन केलें. पुढें १६ जुलै १९६६ रोजीं, बहात्तर वर्षांचा असतां, त्यानें वूहान येथें यांगत्से नदींत पोहून राजकीय डंका वाजविला, तो याच वृत्तीचा. दडलेला अग्नि, यांग, घाम यांचा येथें विचार नाहीं. पाणी येथें इच्छाशक्तीची कसोटी झालें आहे. आजची बर्फाची टाकी ही ह्वा थ्वोच्या डोणीची नात नसून या कसोटीची बहीण आहे.

तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही काय उत्तर द्यावें? चिनी वैद्यक थंड पाण्यास एकमुखानें निषिद्ध म्हणत नाहीं, व एकमुखानें विहितही म्हणत नाहीं. उष्णता कोठें आहे, ती कोणीकडे निघाली आहे, ऋतु कोणता, आणि पाण्यानंतर काय करावयाचें, असे चार प्रश्न तें विचारतें. त्याचीं उत्तरें पुष्कळदां चुकलीं. प्रश्न मात्र चांगले होते. थंड पाण्यांत एकदम उतरणाऱ्यास पहिल्या क्षणीं धाप लागते, नाडी व रक्तदाब चढतात, आणि हृदय दुर्बळ असेल तर तेथेंच घात होतो, हें आजचें ज्ञानही 'कोणाला?' हाच प्रश्न पुढें करतें.

पण आमच्या मनांत घर करून राहिली ती वेगळीच गोष्ट. डोणींतील स्त्रीचें नांव कोणीं लिहून ठेविलें नाहीं. फांग पोयूच्या घरच्यांस रडण्याबद्दल काठीचा धाक दाखविला गेला. दोन्ही कथांत वैद्य खरा ठरला, म्हणून त्याचा हट्ट अलौकिक ठरला. या साऱ्या इतिहासांत रोग्याचा स्वतःचा आवाज ऐकूं येतो तो एकट्या ह्वांगफू मीचा, आणि तो जयघोष नाहीं. यातना असह्य होऊन त्यानें एकदां शस्त्रानें जीव देण्याचें मनांत आणिलें, तेव्हां त्याच्या चुलतीनें त्याला समजावून परावृत्त केलें, असें त्याच्या चरित्रांत लिहिलें आहे. लहानपणीं चुलत्याच्या घरीं दत्तक वाढलेल्या व विशींपर्यंत उनाडक्या करणाऱ्या त्या मुलाला विद्येकडे वळविणारीही चुलतीच. तेथें दाराशीं काठ्या नव्हत्या. म्हणून घरच्या माणसाचा शब्द आंत पोंचला आणि चीनचा एक थोर ग्रंथकार इ. स. २८२ पर्यंत जगला. टाकींत उतरूं पाहणाऱ्या तरुणांनीं ह्वा थ्वोची वाफ अवश्य आठवावी. परंतु त्याबरोबर त्या चुलतीचाही शब्द ऐकावा, एवढीच आमची विनंति आहे.